नाव बदलून आलेली गाणी

फोटो काय किंवा गाणं काय, संगणकात दोन्ही आकडेच. जेपीजी फोटोची फाईल उघडून आतले आकडे ओळीने वाचले तर पहिला निघतो २५५. एमपी३ गाणं बारीक बारीक फ्रेममध्ये कापलेलं असतं, आणि त्यातल्या प्रत्येक फ्रेमचा पहिला आकडाही २५५ च. फरक पडतो तो दुसऱ्या आकड्याला: फोटोत २१६, गाण्यात बहुतेक वेळा २५१. म्हणजे आत डोकावलं तर दुसऱ्याच आकड्याला सोंग उघडं पडतं. पण डोकावायचं म्हणजे यंत्राला कामाला लावायचं, आणि १९९७-९८ साली फुकटात वेबसाईट देणाऱ्या कंपन्यांना तेवढी हौस नव्हती. त्यांचा पहारेकरी फाईलच्या नावातली शेवटची तीन अक्षरं वाचायचा. डॉट एमपी३ दिसलं की बाहेर, डॉट जेपीजी दिसलं की या, बसा. मग लोकांनी ती तीन अक्षरंच बदलली.

ही हकीकत अमेरिकेतल्या फुकट वेबसाईटींवरून निघते आणि अमरावती–नागपूर रस्त्यावरच्या नांदगाव पेठेतल्या मोबाइल दुकानांपर्यंत येते. वाटेत गाण्यांनी बरेच वेष बदलले. पहारेकरीही हळूहळू हुशार झाले. या सगळ्यात गाणी वाचली, नुकसान झालं ते दुसऱ्याच कशाचं तरी.

सुरुवात मात्र चोरीने झाली नव्हती. ई-मेल ही मुळात अक्षरांची व्यवस्था. तिच्यातून साधा मजकूर जायचा, फोटो किंवा आवाज जात नसे. म्हणून १९८० साली बर्कली विद्यापीठात मेरी अ‍ॅन हॉर्टन यांनी यूयूएनकोड नावाची युक्ती तयार केली. फाईलचे तीन तीन बाइट घ्यायचे आणि त्यांची चार चार अक्षरं करायची. अशी गुंडाळलेली फाईल पडद्यावर पाहिली तर पानभर अगम्य अक्षरं दिसत, आणि जवळजवळ प्रत्येक ओळ इंग्रजी ‘एम’ या अक्षराने सुरू होई, कारण ओळीत किती बाइट आहेत तो आकडाही अक्षराच्याच रूपात लिहिलेला असे आणि पूर्ण ओळीचे ४५ बाइट म्हणजे ‘एम’. माल एक तृतीयांशाने फुगायचा, पण पोचायचा. पुढे नॅथॅनिएल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी ‘माइम’ ही पद्धत बसवली. आज आपण ई-मेलला जे काही जोडून पाठवतो ते तिच्याच जोरावर. ११ मार्च १९९२ ला बोरेनस्टाइन यांनी या पद्धतीने पहिली जोडपत्रं पाठवली. त्यात एक फोटो होता चार गाणाऱ्या मित्रांचा, आणि सोबत त्या चौघांचं गाणं. चौघांत बोरेनस्टाइन स्वतः होते. म्हणजे माइमने जोडून गेलेलं पहिलं गाणंसुद्धा अक्षरांचा वेष घालूनच गेलं. त्यात कुणाला फसवायचं नव्हतं, दारच तेवढं अरुंद होतं.

फसवायची गरज पडली ती एमपी३ मुळे. जर्मनीतल्या एर्लांगेन इथल्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि त्यांचे सहकारी आवाज आटवायच्या पद्धतीवर वर्षानुवर्षं काम करत होते. कानाला तसंही जे ऐकू येत नाही ते टाकून द्यायचं, हे त्यामागचं तत्त्व. सीडीवर एका मिनिटाच्या संगीताला साधारण १० एमबी लागायचे, ते या पद्धतीने १ एमबीवर आलं. १४ जुलै १९९५ ला संस्थेतल्या मंडळींनी आपसांत मत घेऊन या फाईलींना डॉट एमपी३ हे शेपूट ठरवलं. त्याआधी ते डॉट बिट होतं. या शेपटाने पुढे पहारेकऱ्यांचं काम किती सोपं केलं, याची त्या दिवशी कुणाला कल्पना असणं शक्य नव्हतं. १९९७ साली विनअ‍ॅम्प आलं आणि घरचा संगणक गाऊ लागला.

गाणं ठेवायचं कुठे, हा पुढचा प्रश्न. जिओसिटीज, एंजलफायर, ट्रायपॉड अशा कंपन्या फुकट जागा द्यायच्या. जिओसिटीजवर पुढे पुढे १५ एमबी मिळत, म्हणजे जेमतेम तीन गाणी. ही जागा लोकांनी आपल्या कुत्र्यामांजरांची पानं करावी म्हणून होती. गाणी ठेवली की जागा भरायची, तारा तुंबायच्या आणि वर ध्वनिमुद्रिका कंपन्यांच्या वकिलांची पत्रं यायची. म्हणून एमपी३ ला बंदी. त्यावर लोकांचा तोडगा असा की गाण्याला डॉट जेपीजी, डॉट टीएक्सटी, डॉट झिप असं काहीही म्हणायचं आणि पानावर खाली बारीक अक्षरांत सूचना लिहायची: राइट क्लिक करा, फाईल उतरवून घ्या, मग नाव बदला.

नाव बदलायलाही थोडं कसब लागायचं. विंडोज आपल्या ओळखीच्या फाईलींची शेपटं लपवून ठेवायचं. उतरवलेल्या फाईलीचं नाव ‘गाणं’ असं दिसायचं, माणूस त्यापुढे डॉट एमपी३ लिहायचा आणि खूश व्हायचा. आत मात्र तिचं नाव व्हायचं ‘गाणं डॉट एमपी३ डॉट जेपीजी’. दोनदा टिचकी मारली की फोटो दाखवणारा प्रोग्राम उघडायचा आणि लाल फुली दाखवायचा. मग फोल्डर ऑप्शन्समध्ये जायचं, शेपटं लपवायच्या चौकटीतली खूण काढायची आणि पुन्हा नाव बदलायचं. सायबर कॅफेत पाच-दहा वर्षं काढलेल्या कुणालाही ती चौकट नेमकी कुठे असायची ते अजून आठवत असेल. डब्यावर हळद लिहिल्याने आतल्या तिखटाची हळद होत नाही, एवढं एक ज्ञान त्या पिढीला संगणकाने फुकटात दिलं.

कंपन्या इतक्या भोळ्या का राहिल्या? भोळ्या नव्हत्याच. ऑक्टोबर १९९८ मध्ये अमेरिकेत डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायदा झाला. दुसऱ्याचा माल आपल्या जागेत ठेवणाऱ्या कंपनीला तो चोरीचा आहे हे माहीत नसेल आणि तक्रार येताच तिने तो काढून टाकला, तर तिच्यावर भुर्दंड येणार नाही, अशी तजवीज त्यात होती. माझ्या मते त्या काळातला अर्धामुर्धा पहारा इथेच समजतो. माहीत नसणं फायद्याचं असेल तर आत डोकावून माहीत करून कोण घेईल? शेपूट पाहिलं, नियम पाळला, झालं.

१९९९ च्या जूनमध्ये लोकांना आपसांत गाणी वाटू देणारं शॉन फॅनिंगचं नॅपस्टर आलं आणि खेळ उलटला. तिथे फक्त गाणीच चालायची, म्हणून मार्च २००० मध्ये निघालेल्या रॅपस्टर नावाच्या प्रोग्रामने इतर फाईलींवर एमपी३ चा वेष चढवला. कालपर्यंत गाणं फोटो म्हणून फिरत होतं, आता प्रोग्राम गाणं म्हणून फिरू लागले. मे २००० मध्ये फिलिपिन्सहून सुटलेल्या ‘आय लव्ह यू’ विषाणूने हीच खोड धरली. पत्राला जोडलेली फाईल मजकुराची वाटायची, कारण तिचं खरं शेपूट विंडोजने लपवलेलं असे. संगणकात शिरल्यावर हा विषाणू एमपी३ गाणी लपवायचा आणि त्याच नावांनी आपल्या प्रती ठेवायचा. पुढे न्यायालयाच्या हुकमाने नॅपस्टरला गाण्यांची नावं गाळून काढावी लागली, तेव्हा लोकांनी स्पेलिंग बिघडवली, आणि एमस्टर या तशाच सेवेने तर नावांतली अक्षरं उलटसुलट करून देणारं यंत्रच वाटलं. ध्वनिमुद्रिका कंपन्याही सोंगं घ्यायला शिकल्या. एप्रिल २००३ मध्ये मॅडोनाच्या नव्या गाण्यांच्या नावाने फिरणाऱ्या फाईली उघडल्या की गाण्याऐवजी तिची शिवी ऐकू यायची.

हे सगळं चाललं होतं तेव्हा वऱ्हाडात काय होतं? विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं ते मोठ्या शहरांत. आपल्याकडे ते सायबर कॅफेच्या प्लायवूडच्या खोक्यांतून आलं, तासाच्या भाड्याने. टेलिफोनच्या तारेतून सेकंदाला चार केबी आले तरी नशीब. त्या वेगाने पाच मिनिटांचं एक गाणं उतरायला वीस मिनिटं लागायची, आणि मधेच कुणी फोन उचलला की पहिल्यापासून. इंटरनेटवरून गाणी आणणं परवडणारं नव्हतं. गाणी यायची कॅसेटवर आणि नंतर शंभर-शंभर गाण्यांच्या एमपी३ सीडीवर.

कॅसेटला वेषांतर नवं नव्हतं. १९८० च्या दशकात गुलशन कुमार यांच्या टी-सिरीजने जुनी लोकप्रिय गाणी नव्या गळ्यांतून गाऊन घेतली आणि स्वस्तात विकली. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या ५२ व्या कलमात अशा पुनर्ध्वनिमुद्रणाला वाट होती. वेष्टनावर चित्रपटाचं नाव ठळक, गायकाचं नाव बारीक. घरी येऊन कॅसेट लावल्यावर दुसऱ्या ओळीला कळायचं की हा आवाज रफींचा नाही. अमेरिकी अभ्यासक पीटर मॅन्युएल यांनी १९९३ साली भारतातल्या या कॅसेट व्यवहारावर अख्खं पुस्तक लिहिलं. कॅसेटने एक मोठी गोष्ट केली: गाणं काढायला मुंबई–कोलकात्याच्या कंपनीची गरज राहिली नाही. गावोगावची भजनी मंडळं, भीमगीतांचे गायक, कव्वाल यांचे आवाज त्या काळात बाजारात आले. हा माल पुढे एमपी३ झाला, पण त्याच्या याद्या कुठल्याच मोठ्या कंपनीच्या दप्तरी नव्हत्या. हे पुढे महागात पडलं.

फाईलींची खरी सोंगं इकडे आली ती अभियांत्रिकीच्या पोरांबरोबर. कॉलेजच्या नेटवर्कवर प्रॉक्सी नावाचा दरवान असायचा. बहुतेक ठिकाणी तो स्क्विड या फुकट प्रोग्रामवर चाले, आणि गाणी अडवायला त्यात एक ओळ पुरायची: पत्ता डॉट एमपी३ वर संपत असेल तर सोडू नको. ही ओळ वसतिगृहात पोचायला एक संध्याकाळ लागत असेल. मग पुण्यात शिकणारा भाऊ गाण्याचं नाव ‘असाइनमेंट डॉट डॉक’ करून चढवायचा आणि इकडचा उतरवून पुन्हा नाव बदलायचा. ज्यांना यातही कलाकुसर दाखवायची होती ते फुलाचा फोटो आणि गाण्यांचं आरएआर गाठोडं काळ्या पडद्यावर एक आज्ञा देऊन एकाला एक चिकटवायचे. फोटो दाखवणारा प्रोग्राम फाईल सुरुवातीपासून वाचतो आणि फोटो संपला की थांबतो. गाठोडं उघडणारं विनरार मात्र त्याची खूण सापडेपर्यंत पुढे शोधत जातं. एकच फाईल, एकाला गुलाब दिसतो, दुसऱ्याला अख्खा अल्बम. फक्त तो गुलाब ४० एमबीचा कसा, हे विचारणारा कुणी भेटू नये.

विचारणारा आलाच पुढे. अहमदाबादच्या इलिटकोर कंपनीचं सायबरोम अनेक महाविद्यालयांत बसलं. असे नवे दरवान शेपटावर विसंबत नसत, फाईलीच्या आतले पहिले आकडे तपासत. २५५ नंतर २५१? गाणं. थांब. नुसतं नाव बदलायची सोंगं तिथे संपली.

तोवर घरी वेग आला होता. जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलने डेटावन ब्रॉडबँड सुरू केलं. २५६ किलोबिटचा वेग तेव्हा चैनीचा वाटायचा. त्यांच्या ५०० रुपयांच्या योजनेत दिवसा वापरावर मर्यादा होती, पण रात्री दोन ते सकाळी आठ कितीही उतरवा, मोजदाद नाही. गावात ज्या एका घरी ही जोडणी असे तिथला संगणक रात्रभर जागा राहायचा. सकाळी जे जमा व्हायचं ते तिथेच राहत नसे. ते चिपवर चढायचं.

चिप म्हणजे मोबाइलचं मेमरी कार्ड. हा शब्द खेड्यापाड्यांत असा रुळला की मेमरी कार्ड म्हटलं तर दुकानदारच विचारायचा, चिप का? साधारण २००८ पासून पुढची सात-आठ वर्षं चिप भरून देणं हा एक धंदा होता. दुकानात एक संगणक, कार्ड बसवायचं कार्ड रीडर आणि दहा-वीस रुपयांत दोन जीबी. पाच एमबीचं एक गाणं धरलं तर चारशे गाणी. नांदगाव पेठ या धंद्याला मोक्याची जागा. एका अंगाला जुनं गाव, दुसऱ्या अंगाला एमआयडीसी, कापडाचे कारखाने, १३५० मेगावॉटचा औष्णिक वीज प्रकल्प, आणि मधून पूर्वीचा ६ क्रमांकाचा, आताचा ५३ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग. गिऱ्हाईक म्हणजे ट्रकवाले, कारखान्यातली पोरं, बाहेरून आलेले मजूर आणि मोझरीला तुकडोजी महाराजांच्या आश्रमात जाणारी भजनी माणसं. त्यामुळे संगणकातल्या फोल्डरांचीही खिचडी: भोजपुरी, डीजे रिमिक्स, भीमगीतं, नव्वदची हिंदी आणि खंजिरी भजनं.

“भाऊ, दोन जीबीची हाये. खंजिरीचे भजनं टाकजो अन् मधात पोट्ट्यासाठी डीजेचे गाणे.”

“टाकतो नं काका.”

“कोनाचे हायेत भजनं?”

“नावं काहून पाहता? वाजवून पाहा.”

दुकानदाराचं बरोबर होतं. नावं पाहण्यात अर्थ उरला नव्हता. फाईल कुठल्या तरी साईटवरून आलेली असे. वाटेत एखाद्याने पहारा चुकवायला तिचं नाव बदललेलं असे, दुसऱ्याने ते परत बदलताना मूळ नाव न आठवल्याने ‘ट्रॅक ०७’ केलेलं असे. मधल्या साईटने जाहिरात म्हणून गायकाच्या रकान्यात स्वतःचा पत्ता घातलेला असे. चिनी मोबाइलच्या पडद्यावर शेवटी काय दिसायचं? ‘अननोन आर्टिस्ट’. इकडे कंपन्यांकडून पैसे देऊन घेतलेल्या रिंगटोनला फॉरवर्ड लॉक नावाचं कुलूप असायचं, ती ब्लूटूथने मित्राला देता येत नसे. विकत घेतलेलं गाणं जागेवर अडलं आणि बिननावाचं गाणं गावभर फिरलं.

नावाचा हा रकाना काय असतो तेही पाहण्यासारखं आहे. एमपी३ फाईलीत मुळात नावगावाला जागाच नव्हती. १९९६ साली एरिक केम्प यांनी फाईलीच्या अगदी शेवटी १२८ बाइटांची एक पट्टी जोडली. तिच्यात गाण्याच्या नावाला ३० बाइट, गायकाला ३०, अल्बमला ३०, सालाला ४, शेऱ्याला ३० आणि संगीतप्रकाराला १. प्रकारांची यादी आधीच ठरलेली होती. तीत पोल्का होता, भजन नव्हतं. अभंगाला, भीमगीताला, खंजिरीला त्यातल्या त्यात जवळचा खण म्हणजे ‘एथनिक’. आणि ३० बाइटांत इंग्रजीची तीस अक्षरं मावतात, देवनागरीची नाहीत. आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या यूटीएफ-८ लिपीसंकेतात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला, मग तो काना असो की अनुस्वार, तीन बाइट लागतात. म्हणजे हातात चिन्हं दहा. ‘राष्ट्रसंत’ लिहून पाहा. र, काना, ष, हलन्त, ट, हलन्त, र, स, अनुस्वार, त. मोजून दहा. पट्टी भरली आणि तुकडोजी महाराज बाहेरच राहिले. पुढच्या आवृत्तीत ही अडचण गेली, पण स्वस्त फोनांना देवनागरी दाखवताच येत नसे, नुसते चौकोन यायचे. म्हणून सगळी नावं मोडक्या रोमन लिपीत, ज्याला जशी सुचतील तशी.

तरीही नांदगाव पेठेतल्या त्या काकांना घरी गेल्यावर भजन कुणाचं ते कळत होतं. शेवटचं कडवं आलं की ‘तुकड्यादास’ ऐकू यायचं. गाणारा कोण ते कळत नसेल, रचणारा कळायचा. आपल्याकडच्या संतकवींनी आपलं नाव पदाच्या पोटात घातलेलं आहे. तीन अक्षरांचं शेपूट बदलून ते जात नाही, पट्टी पुसली तरी राहतं. वामनदादा कर्डकांनी तीच रीत धरली, शेवटी ‘वामन’ आला की गाणं कुणाचं यावर वाद नको. ग्रामोफोनच्या आरंभीही असंच होतं. नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गायस्बर्ग यांनी कोलकात्यात गौहर जान यांचं गाणं मुद्रित केलं, तेव्हा त्यांनी शेवटी स्वतःचं नाव उच्चारलं. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जायच्या. तिथल्या कामगारांना कुठली मेणाची तबकडी कुणाची हे कळायला गायकाचा आवाजच उपयोगी पडायचा. नाव आत ठेवण्याची ही दोन वेगवेगळी कारणं, एक भक्तीचं आणि एक कारखान्याचं. चिपच्या काळात दोन्ही एकाच कामी आली.

तुकडोजी महाराजांचा विषय निघाला आहे तर एक आडवळण घेतो. त्यांचं जन्मगाव यावली अमरावती जिल्ह्यातलंच, जन्म १९०९ चा. गुरुकुंज आश्रम मोझरीला, नांदगाव पेठेहून नागपूरकडे निघालं की याच रस्त्यावर. १९४२ च्या ऑगस्टमध्ये चिमूर, आष्टी, यावली ही गावं पेटली तेव्हा इंग्रज सरकारने महाराजांना अटक करून नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. त्यांच्या हातात खंजिरीच होती. पण त्या भजनांत देवाबरोबर देशही होता, आणि सभेला गर्दी भजनासाठी जमत असल्याने बराच काळ सरकारी कान तिकडे गेले नसावेत. भजन या नावाखाली काय चाललं आहे ते ऐकून पाहायला सरकारला बंड व्हावं लागलं. याला मी वेषांतर म्हणणार नाही, महाराजांच्या लेखी दोन्ही गोष्टी एकच होत्या. पहारेकऱ्याची चूक मात्र तीच, त्याने पाटी वाचली आणि आतलं ऐकलं नाही.

कायद्याचा हात चिपवाल्यांपर्यंत क्वचितच पोचला. महाराष्ट्राने २००९ साली झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाल्यांसाठीच्या स्थानबद्धता कायद्यात व्हिडिओ पायरसी करणाऱ्यांना घातलं. हा बडगा जड होता, पण फलाटावर सीडी विकणाऱ्यांसाठी, दहा रुपयांत चिप भरणाऱ्यासाठी नाही. मार्च २०१२ मध्ये संगीत कंपन्यांच्या संघटनेने कलकत्ता उच्च न्यायालयातून १०४ संगीत संकेतस्थळं बंद करण्याचे आदेश मिळवले. काही महिने दुकानदारांनी जुन्याच साठ्यावर काढले, मग तीच साईट एखादं अक्षर बदलून परत आली. इथेही नाव बदलणंच उपयोगी पडलं.

खरा शेवट केला तो ५ सप्टेंबर २०१६ ला आलेल्या जिओने. डेटा फुकट झाल्यावर दहा रुपये देऊन चिप कोण भरणार? दुकानांतला संगणक झेरॉक्सच्या मागे गेला. गाणी यूट्यूबवर ऐकली जाऊ लागली आणि तिथे त्यांनी पुन्हा सोंग घेतलं, या वेळी चित्रपटाचं. पडद्यावर एकच फोटो, महाराजांचा किंवा मंदिराचा, आणि मागे चाळीस मिनिटं भजन. व्हॉट्सअ‍ॅपने १६ एमबीपलीकडची ध्वनिफीत घेतली नाही, म्हणून जुलै २०१७ मध्ये सगळ्या प्रकारच्या फाईली सोडल्या जाऊ लागल्यावर भजनी मंडळांच्या ग्रुपवर रात्रभराच्या जागरणाचं मुद्रण ‘डॉक्युमेंट’ म्हणून येऊ लागलं. १९९२ साली अक्षरांच्या वेषात निघालेलं गाणं पुन्हा कागदाच्या चित्राखाली.

यूट्यूबचा पहारेकरी मात्र नाव वाचत नाही. २००७ पासून तो आवाजाचाच ठसा घेतो, कुठल्या क्षणी कुठले स्वर वर आहेत याचा नकाशा करून कंपन्यांनी दिलेल्या नकाशांशी ताडून पाहतो. त्याला चकवायला लोक अख्खं गाणं अर्धा स्वर वर चढवतात किंवा किंचित पळवतात. हे मला सगळ्या सोंगांत वाईट वाटतं. नाव बदललं तरी आवाज शाबूत राहत होता. आता आवाजच बदलून नाव तेच ठेवलं जातं. काळी दोनमध्ये गाणारा माणूस पांढरी तीनमध्ये ऐकू येतो, आणि त्यावरून शिकणारं पोरगं तेच मूळ समजतं.

जुन्या मुद्रणांचा शोध घेणाऱ्यांपुढे या नाव बदलण्यातून एक चमत्कारिक अडचण उभी राहिली आहे. भारतीय कायद्यात ध्वनिमुद्रिकेचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. म्हणजे १९६४ मध्ये किंवा त्याआधी निघालेली कुठलीही तबकडी आता मोकळी आहे, रचनेचा हक्क आड येत नसेल तर उघड नावाने कुणीही वाटावी. रचनांचा हिशेब वेगळा, रचणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. महाराज ११ ऑक्टोबर १९६८ ला गेले, त्यामुळे त्यांनी हयातीत प्रसिद्ध केलेल्या पदांवरचा हक्क २०२८ च्या अखेरीस संपतो. पण तबकडी १९६४ ची किंवा त्याआधीची हे दाखवायचं कसं? जुन्या ७८ आरपीएम तबकड्यांवर साल छापायची रीत नव्हती. लेबलवरचा क्रमांक आणि त्याच्या जवळ लाखेत कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक घेऊन कंपनीच्या मासिक याद्या धुंडाळाव्या लागतात. १९९० साली मुंबईत सुरू झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सची मंडळी, सुरेश चांदवणकरांसारखी, हेच काम वर्षानुवर्षं करत आली आहेत. त्यांच्या ‘द रेकॉर्ड न्यूज’चे अंक शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई डिजिटल ग्रंथालयात वाचायला मिळतात.

तबकडी हातात असेल तर हे होतं. ‘ट्रॅक ०७’ हातात असेल तर आधी शेवटचं कडवं ऐकून कवी ठरवायचा, मग आवाजावरून गायक, मग मागे येणाऱ्या खरखरीवरून ही तबकडी की कॅसेट की रेडिओ. मुद्रण साडेतीन मिनिटांपाशी अचानक संपत असेल तर तबकडीची शक्यता मोठी, कारण ७८ च्या एका बाजूवर साधारण तेवढंच मावायचं. सुरांची पट्टी मुळातच काळी दोनची की कुणी चढवलेली, हे पेटी घेऊन बसल्याशिवाय कळत नाही.